तिसरा पास लावून काय मिळालं?

मंडळी, सकाळपासून डोकं ठिकाणावर न्हाई.

माझं मुरुडला शूटिंग-मिक्सिंगचं दुकान हाय. नऊ वाजता सविताताई आल्या. त्यांचे वडील वारले, आज अकरा वाजता पुण्यानुमोदन, म्हंजे बौद्ध पद्धतीचा श्रद्धांजलीचा कार्यक्रम. ताईंच्या लग्नात वडलांनी केलेलं भाषण मीच शूट केलं होतं. ते तिथं दाखवायचं, नातेवाइकांना मोबाईलवरबी पाठवायचं, म्हणून फाईल छोटी पाहिजे होती.

दोन पास, म्हंजे कॉम्प्युटरच्या दोन फेऱ्या, लावले. पहिल्यात कॉम्प्युटर व्हिडिओ नुसता तपासतो, दुसऱ्यात त्या अंदाजानं फाईल बनवतो. तरी चेहरा धुरकट दिसला. मी हट्टानं तिसरा लावला.

साडेदहा वाजले. ताईंचा फोन सारखा वाजून राहिला.

फाईल निघाली, चेहरा तसाच! मूळ शूटिंगच अंधारातलं. मग आठवलं, भाषण कोण बघतंय म्हणून मी लाइट पंगतीकडं नेला होता.

ताई म्हणाल्या, "भाऊ, आवाज तर बाबांचाच हाय. द्या लवकर."

दोन पासचा फायदा हाय, मान्य. पण शूटिंगवाल्यांनो, खरं सांगा, तिसरा पास तुम्ही व्हिडिओसाठी लावता, का आपल्या चुकीवर पांघरूण घालायला?