चतकोर मोजायची नसते

वहिनी गेल्या तो सोमवार होता. सकाळी मी भाकरी आणि दूध घेऊन दवाखान्यात गेलो होतो. दुपारी डबा घेऊन घरी आलो.

माझ्या या भावजयीकडे प्रत्येक गोष्टीचे आकडे निराळे होते. ज्वारी मापताना पहिल्या मापाला त्या कधी ‘एक’ म्हणाल्या नाहीत. ‘लाभ’ म्हणत, मग दोन, मग तीन. कडबा पाच-पाच पेंढ्यांच्या पाचुंद्यांनी मोजत. भाकरीचा चौथा हिस्सा चतकोर, आणि तिचाही अर्धा तुकडा तो नितकोर. मी नगरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. पुस्तकांच्या पाठीवर दशांशाचे क्रमांक चिकटवण्यात माझी नोकरी गेली. घरी आणलेल्या पुस्तकावरचा तसला एक क्रमांक पाहून त्या म्हणाल्या होत्या, “भावजी, आकड्याला मधीच टिकली का लावलीय?”

त्या लग्न होऊन आमच्या पाथर्डीकडच्या गावी आल्या तेव्हा मी चौथीत होतो. आई नव्हती. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारले, “किती भाकरी खाता?” मी दोन म्हणालो. त्यांनी दोन वाढल्या आणि वर एक चतकोर ठेवली.

“दोन म्हणालो होतो,” मी म्हणालो.

“दोनच हायेत. चतकोर मोजायची नसती.”

पुढे मला नोकरी लागली, केस पिकले, तरी हे संभाषण बदलले नाही. मागितलेले पोटासाठी असते आणि चतकोर वाढणाऱ्याची असते, असा त्यांचा हिशेब असावा. मी लग्न केले नाही याबद्दल शेजारणींनी विचारले की त्या म्हणत, “त्यांचं पुस्तकांशी झालंय. पन एकीला बी भाकरी थापता येत न्हाई.”

दसरा झाला की दादा आणि वहिनी ऊस तोडायला देवळाली प्रवरेकडे जात. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम माणसे मोजत नाही, कोयते मोजतो. एकटा गडी किंवा एकटी बाई आली तर तिला अर्धा कोयता म्हणतात. मी लहान असताना हे ऐकून हसलो होतो. दादाही हसले होते. “मंग काय, ही नसली तर मी निम्माच,” ते म्हणाले होते. वहिनींनी तोंडाला पदर लावला होता.

दादा गेले त्या वर्षी दसऱ्याला मुकादम दारात आला. ओट्यावर टेकला, पाणी प्याला आणि खाली बघत म्हणाला, “वहिनी, यंदा अर्धा कोयता धरू का?”

“धरा,” वहिनी म्हणाल्या. त्या हंगामभर गेल्या. परत आल्या तेव्हा मी त्यांना नगरला घेऊन आलो. नागापूरला कारखान्यांच्या मागे माझ्या दोन खोल्या होत्या. त्यांचा जीव रमावा म्हणून एकदा म्हणालो, “वहिनी, तुम्ही अर्ध्या, मी अर्धा. झाला की एक कोयता.”

त्या बराच वेळ ज्वारी निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, “दोन अर्ध्यांचा एक कोयता होत न्हाई, भावजी. मुकादमाला इचारा.” आणि उठून तवा ठेवला.

गेल्या वर्षी त्यांना घास अडकू लागला. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी मला बाहेर बोलावले, पण त्या माझ्यामागून आल्याच. अन्ननलिका पंच्याहत्तर टक्के बंद आहे, डॉक्टर म्हणाले. वहिनींनी माझ्याकडे पाहिले.

“पंच्याहत्तर म्हंजी पाऊण का ओ?”

मी मान हलवली.

“मंग पाव हाय की अजून,” त्या डॉक्टरांना म्हणाल्या. “चतकोर जाईल त्यातून.”



तेव्हा मी भाकरी करायला शिकलो. त्या खाटेवरून सांगत, “पीठ मळा, आजून मळा, पुस्तकावानी उगी चाळू नका.” माझ्या भाकरीच्या कडा फाटत. दुधात कुस्करून ती त्या खात. आधी अर्धी जाई. मग चतकोर. दवाखान्यात न्यावे लागले तेव्हा नितकोरही उरू लागली. मी रोज एवढेच पाहत असे, आज किती गेली.

त्या सोमवारी त्यांनी दोन घास घेतले आणि मान फिरवली. मी उरलेला तुकडा पुढे केला.

“वहिनी, एवढी घ्या. चतकोर मोजायची नसती.”

त्या हसल्या. आवाज राहिला नव्हता. “माझंच मला शिकिवता व्हय?” म्हणाल्या, आणि तो तुकडा माझ्या हातावर ठेवून त्यांनी माझी मूठ मिटवली.

मुकादमाचा फोन नंतर आला. कुणीतरी त्याला सांगितले होते. तो म्हणाला, “सर, लई वाईट झालं.” दोन अर्ध्यांचे विचारायचे होते, ते मी विचारले नाही.

आता मी सकाळी भाकरी करतो. कडा कमी फाटतात. दोन खातो. तिसरीची चतकोर मोडून ताटात वाढतो. ती उरते.