आमच्या घरचा नंबर

"काकू मला आधी हात धुवायला लावतात. मगच माउसला हात लावू देतात."

वाक्य माझं होतं. औरंगाबादच्या चुलतबहिणीला मी ईमेलमध्ये लिहिलेलं. आणि ते समीर वाचत होता. मोठ्याने, नाकातून, माझा आवाज काढून. त्याच्या वर्गातली मुलं सोफ्यावर लोळून हसत होती.

मी हॉलच्या दारात उभी. हातात आईने दिलेला शंकरपाळ्यांचा डबा.

एका मुलाने विचारलं, "हू इज धिस गर्ल?"

"माय डॅड्स ड्राफ्ट्समन. हिज डॉटर," समीर म्हणाला. मग त्याला मी दिसले. तो थांबला नाही. स्क्रीनकडे वळून त्याने पुढचं वाचलं. "शाळेत मी कुणाला सांगत नाही की आई बॅचलर लोकांचे डबे करते."

पुन्हा हसू.

काकू आतून आल्या. समीरची आई. मला वाटलं, आता त्याला ओरडतील. त्यांनी माझ्या हातातला डबा घेतला आणि म्हणाल्या, "असं लिहितेस होय गं आमच्याबद्दल? आमच्याच कंप्युटरवर बसून?"

मी चौदा वर्षांची होते. जिना उतरून घरी आले.

आम्ही दुबईत, करामा भागात राहायचो. एका फ्लॅटमधली एक खोली आमची, दुसरी एका मंगळूरकर कुटुंबाची, स्वयंपाकघर दोघांचं. बाबा तिथल्याच देरा भागातल्या एका कंत्राटदार कंपनीत ड्रॉइंग काढायचे. समीरचे वडील त्याच कंपनीत मॅनेजर. आम्ही सगळेच त्यांना साहेब म्हणायचो. बाबांना दुबईत त्यांनीच आणलं होतं. आईला आणि मला आणायचं तेव्हा व्हिसासाठी लागणारा कंपनीचा कागदही त्यांच्याच सहीने निघाला. "आपला माणूस आहे," बाबा म्हणायचे. पण आपल्या माणसाला आमचं आडनाव ठाऊक होतं, आणि आडनावावरून जे ओळखतात तेही ठाऊक होतं. त्यांच्याकडे हळदीकुंकू झालं की आईला बोलावणं यायचं सगळ्या बायका निघून गेल्यावर. भांडी जास्त पडली म्हणून.

नववीत शाळेने सांगितलं, प्रत्येकाचा ईमेल हवा. आमच्याकडे कंप्युटर नव्हता. साहेब म्हणाले, "शुक्रवारी सुट्टी असते, पाठवा पोरीला. समीर करून देईल." समीरने करून दिला. पासवर्डही त्यानेच टाकला. मी घरी येऊन बाबांना म्हटलं, पासवर्ड फक्त आपल्यालाच माहीत असावा असं शाळेत सांगितलंय.

बाबा हसले. "अगं, आपले पासपोर्ट कुठे असतात? ऑफिसच्या तिजोरीत. साहेबांकडे. आजवर काही झालं? मग हा पासवर्ड राहिला त्यांच्याकडे तर काय बिघडलं? उलट सांभाळून राहील."

त्यांच्या ऑफिसातल्या कुणालाही विचारलं असतं तरी हेच ऐकायला मिळालं असतं. आलात की पासपोर्ट जमा. गावी जायचं तर अर्ज करा, मग मिळेल. आपली ओळख मालकाच्या कुलपात ठेवायची, आणि त्यालाच सुरक्षित म्हणायचं. माणसं इतकी वर्षं असं जगली, की घरात नवीन काही आलं तेही त्याच कुलपात नेऊन ठेवलं.

समीरने माझा ईमेल वाचून दाखवला, त्यानंतर फोन सुरू झाले.

दुपारी. तिकडे दुकानं दुपारी बंद होतात, चारनंतर उघडतात. मी शाळेतून आलेली असायचे आणि आई डबे पोचवायला गेलेली. पहिल्या माणसाने माझं नाव घेतलं. नीट, पूर्ण. मग म्हणाला, "फ्रेंडशिप करोगी?" मी फोन ठेवला. पुन्हा वाजला. वेगळा आवाज. पुन्हा. आणखी वेगळा.

दुसऱ्या दिवशी आईने उचलला. आईचं हिंदी मोडकं. "राँग नंबर, भैया, राँग नंबर," ती म्हणत राहिली आणि तिकडून कुणीतरी हसत राहिलं. तिने रिसीव्हर पदराने पुसला. मग ठेवला.

एकदा मीच चिडून विचारलं, "नंबर किसने दिया?"

पलीकडचा माणूस गोंधळला. आवाजाने वयस्कर वाटला. "आपने ही तो चैट में लिखा है. दोपहर को घर पे अकेली होती हूँ, फोन करना." त्याने ईमेलचा पत्ताही वाचून दाखवला. माझाच. मग विचारलं, "बेटी, उमर क्या है तुम्हारी?" मी सांगितली. त्याने फोन ठेवला. पुन्हा केला नाही. पण तो एकटाच तसा निघाला.

तो पत्ता उघडू शकणारी माणसं दोनच होती. मी आणि समीर.

मी कधी चॅटरूम पाहिलीही नव्हती. आणि माझ्या नावाने तिथे कुणीतरी बसून माझी एकटं असण्याची वेळ अनोळखी पुरुषांना वाटत होतं. त्या आठवड्यात एक जण बिल्डिंगखाली येऊन उभा राहिला. वॉचमनला माझं नाव विचारत होता. वॉचमनने त्याला हाकललं, आणि वर येऊन आईला म्हणाला, "बच्ची को समझाओ."

मला समजवा. त्याला हाकललं तेवढं पुरे, आणि समजवायचं मला.

आईने डबे बंद केले. शाळेची बस यायची तिथे उन्हात येऊन उभी राहायची. बाबांनी फोनची वायर काढून कपाटात टाकली. मी त्यांना सगळं सांगितलं, समीरचं नाव घेऊन. ते साहेबांकडे गेले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता.

"शुक्रवारी आपल्याला तिघांना बोलावलंय. तू काकूंना सॉरी म्हणायचं. त्या ईमेलबद्दल. मग साहेब समीरला समज देतील."

"आणि नाही म्हटलं तर?"

"व्हिसा संपत आलाय तुम्हा दोघींचा. कागद त्यांच्याच सहीने जातो."

हे सांगणारा माणूस कोण? याच माणसाने मला वाचायला शिकवलं ते निळ्या मुखपृष्ठाच्या पुस्तिकांवरून. औरंगाबादहून येताना लोकांनी बॅगेत लोणची भरली, बाबांनी चळवळीची पत्रकं भरली होती. करामातल्या त्या खोलीत, पलंगाखाली, पिवळी पडलेली पत्रकं. मी ती पाठ केली होती. गुलामाला गुलामीची जाणीव करून द्या, वगैरे. बाबा अजून ती टाकत नव्हते. फक्त आता उघडतही नव्हते.

शुक्रवारी गेलो. आम्ही तिघं सोफ्याच्या काठावर. साहेब आरामखुर्चीत. समीर कंप्युटरच्या फिरत्या खुर्चीत, चिप्स खात. तेच हात कीबोर्डवर. त्याला कधी कुणी धुवायला लावले नाहीत.

साहेब गोड बोलले. "पोरं आहेत. थट्टा केली त्याने. इंटरनेट म्हणजे असंच असतं. मुलींनी जपून राहावं."

"इट वॉज जस्ट अ जोक, पप्पा," समीर म्हणाला.

"आम्ही हिला घरच्या मुलीसारखं वागवलं," काकू म्हणाल्या. "आणि हिने आमची बदनामी गावभर केली."

"सॉरी म्हण बेटा, आणि विषय खलास," साहेब म्हणाले.

बाबा माझ्याकडे बघत नव्हते. त्यांचे हात गुडघ्यांवर होते, पंजे उघडे. "म्हण," ते हळूच म्हणाले.

मी उठले.

"काकू, मी लिहिलं ते खरं आहे," मी म्हटलं. "समीरने लिहिलं ते खोटं आहे. माझ्या दारात माणूस आला. मग सॉरी कोणी म्हणायचं?"

मी समीरला म्हटलं, "ऊठ." तो खरंच उठला. सवय नसेल त्याला. मी बसले. काकूंच्या तोंडून "अगं, हात..." एवढं निघालं आणि त्या थांबल्या. मी इंटरनेट लावलं. मॉडेम किंचाळत होता, कितीतरी वेळ, आणि तो सगळा हॉल गप्प बसून ते किंचाळणं ऐकत होता. मी माझं खातं उघडलं. जुना पासवर्ड काढला, नवा टाकला. स्क्रीनसमोर पाठ आडवी धरून.

साहेबांचा आवाज बदलला. "नवीन काय टाकलंस ते सांगून ठेव. उद्या काही झालं तर जबाबदारी आमच्यावर येते."

"नाही."

"काय?"

"नाही सांगणार."

लिफ्टमध्ये आई रडली. बाबा म्हणाले, "आता काय होईल, कळतंय तुला?"

"कळतंय. पत्रकं तुम्हीच आणली होती."

त्या दिवसापासून बाबा माझ्याशी फार बोललेच नाहीत.

कागदावर सही झाली नाही. कारण कुणी दिलं नाही, देण्याची गरजही नसते. आई आणि मी परत आलो. बाबा तिथेच राहिले, त्याच साहेबांच्या हाताखाली, कारण घर चालवायचं होतं. माझी शाळा गेली, मैत्रिणी गेल्या. दहावी औरंगाबादला केली. वर्गात मुली कुजबुजायच्या, हिने दुबईत काहीतरी केलं म्हणून परत पाठवलं. गोष्ट माझ्याआधी विमानाने पोचली होती. समीरची गोष्ट मात्र कुठेच पोचली नाही. तो पुढे शिकायला अमेरिकेला गेला असं ऐकते.

आता मी कॉलेजात आहे. आमच्या मुलींच्या वसतिगृहात येणारी प्रत्येक पोर सायबर कॅफेत जाते. कॅफेवाला खातं उघडून देतो, पासवर्ड त्याच्याच डोक्यात राहतो. पोरी म्हणतात, दादा चांगला आहे. असेलही. तरी मी त्यांना हाताला धरून नेते आणि बदलायला लावते. दादाला राग येतो. येऊ दे.

आणि एक मी ठरवून टाकलं आहे. एखाद्या पोरीचं नाव, नंबर, फोटो कुणी चव्हाट्यावर टांगला, आणि लोक जमून तिलाच विचारायला लागले की तू काय केलंस, तर मी तिथे जाऊन उभी राहीन. ज्याने टांगला त्याचं नाव सगळ्यांसमोर घेईन. विषय मिटवा म्हणणाऱ्याला तिथेच गप्प करीन. तो साहेब असो, आपला माणूस असो.

माझा बाप असला तरी.