एका कोटाला लागणारे साहित्य

जिजा उमेशच्या नजरेत पहिल्यांदा भरली ती तलासरीच्या एसटी स्टँडवर, भर अकरा वाजता, स्वतःचाच दंड मोजताना. उमेशचा पेपरचा स्टॉल तेव्हा नवा होता. ही सावळी, ठेंगणी बाई आली, समोर टांगलेलं महिलांचं मासिक तिनं काढून घेतलं, उघडून हनुवटीखाली दाबून धरलं आणि पिशवीतून मापाची टेप काढून खांद्याभोवती गुंडाळली. बसची वाट बघणारे दहाजण तिच्याकडे बघत होते. तिला पत्ता नव्हता.

"ओ बेन, ते पुस्तक वाचायचं असतं, मोजायचं नसतं," उमेश म्हणाला. तो गुजरातेतल्या उंबरगावकडचा, त्यामुळे समोरची प्रत्येक बाई त्याची बेन.

"वाचलं म्हणून तर मोजते. यात खांद्याचा मुंढा आठ इंच दिलाय आणि त्यात बसवायची बाही साडेसहाची. यावरून कुणी ब्लाऊज शिवला तर त्या बाईला हात वर करून बसही थांबवता येणार नाही."

मासिक विकत घेऊन ती गेली. दुसऱ्या दिवशी पोस्टकार्ड घेऊन परत आली, मुंबईच्या कचेरीचा पत्ता नीट लिहिलाय का ते त्याला दाखवायला. उमेशला वाटलं, कोण बघतंय हिचं पोस्टकार्ड. पण दोन महिन्यांनी मासिकात दुरुस्ती छापून आली, जिजाच्या नावासकट. मग आणखी दोन चुका तिनं कळवल्या. शेवटी तिथल्या संपादक वर्षाताईंनीच फोन केला, "चुका काढण्यापेक्षा तुम्हीच का नाही लिहीत?"

असं ते पान सुरू झालं. दर महिन्याला एक नमुना, आणि कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा जिजाचा फोटो.

ती उपलाटजवळच्या पाड्यावरची. सातवीपर्यंत शिकली, पुढे कोसबाडला सहा महिने शिवण शिकली, नवरा गेल्यावर तलासरीत एका गाळ्यात मशीन टाकून मुलीला, रविनाला, वाढवलं. लिहायची पद्धत तिची तिचीच होती. नाव-माप झालं की प्रत्येक नमुन्याची सुरुवात ‘लागणारे साहित्य’ या दोन शब्दांनी व्हायची आणि त्यात ती काही म्हणजे काही लपवायची नाही. हूक किती, सुई कितव्या नंबरची, कापड आटणारं असेल तर किती जास्त घ्यायचं, सगळं. "शिवायला बसल्यावर बाईला कळायला नको की अजून अर्धा मीटर लागणार होतं," असं तिचं म्हणणं.

त्या पानाचं खरं कौतुक होतं ते तिच्या बापाला. काकड्या म्हातारा दर बाजाराला उपलाटहून यायचा, तो आधी स्टॉलवर. "आमच्या बायचं पान आलं काय?" अक्षर त्याला येत नव्हतं, पण तो तिकिटाएवढा फोटो तो बरोबर शोधून काढायचा. सगळे अंक त्यानं पत्र्याच्या पेटीत, भाताच्या बियाण्याशेजारी ठेवले होते. पाड्यावर पाहुणा आला की पाण्याच्या तांब्याबरोबर पान पुढे यायचं.

एका डिसेंबरात उमेशनं गठ्ठा सोडला आणि अंक घेऊन तो स्वतः जिजाच्या गाळ्यावर गेला. मुखपृष्ठावर बर्फात उभी एक मुलगी, अंगात घोट्यापर्यंत केसाळ कोट. ‘फरचा रुबाब!’ आत आठ पानं तेच. काश्मीरला जाताना फर, लग्नाच्या स्वागताला फर, फर नाही तर हिवाळा कसला. नवव्या पानावर जिजाचा पेटीकोट.

"बघ जिजाबेन, अस्वलाच्या शेजारी बसवलंय तुला."

जिजा हसली नाही. एका फोटोत कोट खुर्चीवर टाकलेला होता, खालच्या घेराचं अस्तर सुटून उलटलेलं. त्यावर तिनं बोट ठेवलं.

"हे कापड नाही."

"खोटंच असतं गं ते. बाजारात ढीगभर मिळतं."

"खोट्याच्या पाठीला विणलेली जाळी असते. इथे पाठ बघ, सपाट, चामडं आहे. आणि बोटभर रुंदीच्या पट्ट्या जोडल्यात. कापडाच्या ताग्याला कुणी एवढे जोड देईल काय? जनावर छोटं होतं म्हणून जोड द्यावे लागले."

"मग काय झालं? मटण खातेस ना तू?"

"खाते. आमच्याकडे बोकड कापतात तेव्हा बाबा आम्हाला आत पाठवत नाही, बघा म्हणतो, काय खाताय ते बघा. इथे आठ पानांत एकदा तरी लिहिलंय का, की हे कोणाचं आहे? रंग लिहिलाय, दुकान लिहिलंय, कोणत्या चपला घालायच्या तेही लिहिलंय."

"माझा धंदा तेवढा बंद पाडू नको," म्हणून उमेश गेला.

रविना डहाणूला कॉलेजात जाते. असे कोट कोणत्या जनावराचे होतात ते तिनं मोबाइलवर शोधून दिलं. दोघी मायलेकींनी पिंजऱ्यांचे व्हिडिओ पाहिले, एक तर अर्ध्यात बंद केला. मग जिजानं नेहमीसारखा रेघांचा कागद घेतला, जानेवारीचा नमुना लिहिला आणि पाठवण्याआधी उमेशला वाचायला दिला.

‘लांब कोट, मध्यम माप. लागणारे साहित्य: मिंक, पन्नास ते साठ. मिंक हा मुंगसासारखा लांबट प्राणी आहे. तारेचे पिंजरे, लागतील तेवढे. अस्तर साडेतीन मीटर. बटणे पाच. कृती: प्राणी सहा-सात महिने पिंजऱ्यात वाढवावेत. थंडीत केस दाट झाले की मारावेत. कातडी सोलून, कमावून, पट्ट्या कापून जोडाव्यात. नंतर अस्तर लावावे. टीप: हाच कोट जाड सुती कापडात कापूस भरूनही शिवता येतो. उबदार होतो. त्याचा नमुना पुढील अंकी.’

उमेशनं तो दोनदा वाचला. एकही शब्द चढा नव्हता. तरी त्यानं कागद पालथा ठेवला.

"हे छापणार नाहीत."

"ठाऊक आहे."

"पान दुसऱ्या कुणाला देतील. मग काकड्याकाकाला काय सांगशील?"

जिजानं मशीनचं चाक उगाच एकदा फिरवलं. त्याचंच तिला सगळ्यात जड वाटत होतं हे उमेशला दिसलं. पण पाकीट तिनं टाकलंच.

वर्षाताईंचा फोन आला तेव्हा जिजाच्या दोन्ही हातांत कापड होतं, म्हणून रविनानं स्पीकर लावला.

"जिजाताई, अहो हे काय पाठवलंत? छान लिहिलंय हो, पण आपल्या पानावर कसं चालेल? जानेवारीला फुग्याची बाही ठरली होती ना? ती आठ पानं त्या दुकानाच्या जाहिरातीबरोबर आली होती. आमचेही हात बांधलेले असतात."

"मग पुन्हा छापणार नाही, एवढं सांगा. बाहीचा नमुना मी आत्ता काढते."

"तसा शब्द मी कसा देऊ? ऐका ना, नव्या वर्षापासून तुमचा फोटो मोठा टाकायचं ठरलंय. चांगला चौकटीत. तुम्ही फक्त बाही पाठवा."

जिजानं रविनाकडे बघितलं. रविना मुद्दामच दाराबाहेर बघत राहिली.

"ताई, तुम्ही मला लिहायला लावलंत, ते मी विसरणार नाही. पण मी काय काय लागतं ते सांगणारी बाई. त्या आठ पानांना लागून माझं पान असेल आणि त्यात हे नसेल, तर वाचणारीला मी फसवलंच की. मला नाही जमणार."

जानेवारीचा अंक आला. जिजाच्या जागी कुणा दुसऱ्या बाईची फुग्याची बाही होती.

बाजाराच्या दिवशी काकड्या आला. "आमच्या बायचं पान?" उमेशनं अंक पुढे केला. म्हातारा एकेक पान अंगठ्यानं उलटत शेवटापर्यंत गेला, मग पुन्हा पहिल्यापासून. उमेश उगाच पेपर सारखे करत बसला. शेवटी त्यानंच रविनाला फोन करून जिजाला बोलावून घेतलं.

"मी सोडलं, बाबा," जिजा म्हणाली आणि तिनं डिसेंबरचा अंक उघडून त्याच्या पुढ्यात धरला. काय झालं, कशानं झालं, सगळं सांगितलं.

म्हाताऱ्यानं आयुष्यभर ढोल मढवलेले. उलटलेल्या घेराच्या फोटोवर त्यानं नख फिरवलं.

"कातडंच आहे. किती लागली म्हणतेस?"

"साठ."

"एका अंगाला?"

"हो."

"आपल्या ढोलाला एक लागतं. वीस वर्षं अख्खा पाडा नाचतो त्याच्यावर." मग अंक मिटून त्यानं मुखपृष्ठावरच्या मुलीवर बोट ठेवलं. "आणि ही पोरगी एकटी. कुठं चाललीये पण एवढी नटून?"

"कुठंच नाही, बाबा. फोटोसाठी."

"तू काय लिहिलंस ते वाच."

जिजानं पिशवीतली कच्ची प्रत काढून स्टँडवरच्या गोंगाटात त्याला नमुना वाचून दाखवला. ‘बटणे पाच’ इथे त्यानं मान हलवली, जसं काही हिशेबात ते तेवढं पटलं. संपल्यावर हात पुढे केला, "दे. पेटीत ठेवतो." उमेशनं समोरच्या दुकानातून कागदाच्या प्रती काढून आणल्या, एक म्हाताऱ्याला दिली आणि उरलेल्या, न विचारता, स्टॉलवर ठेवल्या. बसला वेळ असलेल्या कॉलेजच्या मुली त्या वाचू लागल्या. काहींनी मोबाइलवर फोटो काढून थेट मासिकाला पाठवले. मासिकानं आजवर कुणालाच उत्तर दिलेलं नाही. उमेश ते मासिक अजून विकतो, तो त्याचा धंदा आहे, पण हिवाळ्याचा अंक आला की आधी चाळून बघतो.

जिजाचं नाव आता कुठे छापून येत नाही. सध्या ती शाळांचे गणवेश शिवते, आणि आठवड्यातून दोन दिवस अच्छाडला जाऊन ढाब्यांवर भांडी घासणाऱ्या सात बायकांना कापूस भरून जाकीट कसं शिवायचं ते शिकवते.