पाय फुटलेली खुर्ची

निजामाच्या साऱ्या मुलखात मनापासून बेशिस्त असा एकच माणूस मी पाहिला, आणि आपण बेशिस्त आहोत याचा त्यांना पत्ताही नाही. आमच्या गल्लीतले चित्रकार, सगळ्यांचे मामू. पोटासाठी ते हिमरूच्या, म्हणजे रेशीम-सुताच्या वेलबुट्टीदार कापडाचे नक्शे काढायचे, आणि विणकर बिचारे नक्शाबरहुकूम विणायचे. एका नवरदेवाच्या शेरवानीचा नक्शा मामूंनी केला, त्यात प्रत्येक कळीच्या पोटात एक डोळा. ऐन निकाहात शे-दोनशे डोळे वऱ्हाडाकडं टक लावून बसलेले. काजीसाहेबांनी म्हणे मान वर केलीच नाही. नवऱ्याचा बाप भांडायला आला, तर मामू शांतपणे म्हणाले, "कळी उमलती म्हंजे करती काय, मियाँ? बघतीच ना?"

छावणीतल्या रद्दीवाल्याकडून ते गोऱ्या साहेबांची जुनी मासिकं आणत. त्यातलं ढगातून हात उगवलेलं एक चित्र दाखवून मी त्यांना सांगितलं, की विलायतेत असं काढणाऱ्यांची जमातच आहे, त्यांना अतिवास्तववादी म्हणतात. मामू लहान पोरासारखे हरखले. "अच्छा? म्हंजे मी एकटा नाही तर!"

मी तेव्हाही वेठबिगारीविरुद्ध पत्रकं लिहीत होतो. अजून लिहितो, कारण वेठ अजून आहे. पत्रकासाठी मी मामूंना म्हणालो, पाठीवर ओझं घेतलेला कुणबी काढा, साधा, कुणालाही कळेल असा. तीन दिवसांनी हातात आली एक रिकामी खुर्ची. तिला लाकडी पायांच्या जागी माणसाचे चार पाय, टाचांना भेगा, आणि ती चिखलातून चाललेली.

"यात माणूस कुठंय?"

"मी बी तेच शोधून राहिलो, भांजे."

माझं डोकं फिरलं. "लोक मरतायत आणि तुम्ही खुर्च्या चालवताय! या चित्राला काही अर्थ नाही!" मी ते तिथंच टाकून निघालो. मामूंनी ते आपल्या दारावर लावलं.

पुढच्याच महिन्यात पोलिसांचा एक अमीन त्या दारासमोर थबकला. "ही कुर्सी कोणाची?"

"मालूम नाही, हुजूर. अजून कुणी बसलं नाही."

मामूंना चौकीवर नेलं. अमीन तसा दयाळू निघाला: चित्राला काही मतलब नाही एवढं लिहून द्या, सही करा, घरी जा. नाहीतर हर्सूलचा तुरुंग. मामूंच्या बायको, आमच्या मुमानी, ओट्यावर रडत बसल्या. मीच धावत चौकीवर गेलो.

"एक ओळ, मामू. लिहून द्या."

"कैसं लिहू? मतलब आहे. फकत मेरे कू अभी मिला नाही." मग माझा चेहरा पाहून ते हळूच म्हणाले, "तू बोलला ते रागात बोलला रे. हे लोक कागदावर मागतेत."

गल्लीभर घसा फोडून ओरडणारा मी बाहेर राहिलो, आणि मामू चार महिन्यांसाठी हर्सूलला गेले.

भेटीला गेलो तेव्हा वाटलं होतं, माणूस खचला असेल. गजाआडून मामू उत्साहानं सांगत होते, की रोज सकाळी ते कैद्यांना रात्रीची स्वप्नं विचारतात. एका दरोडेखोराला म्हणे रोज आपल्या आईचं कुंकू लावलेली म्हैस दिसते. "आणि तुला काय दिसतं, भांजे?"

"मला स्वप्नं पडत नाहीत."

"पडतेत रे. तू उठल्या उठल्या घोषणा देतो, म्हणून पळून जातेत."

मामू सुटायला अजून दोन महिने आहेत. हल्ली सकाळी जाग आली तरी मी थोडा वेळ डोळे मिटून, गप्प पडून राहतो.