मावसाजींच्या अनोळखी तबकड्या

आमच्या मावसाजींसारखं आंधळं गिऱ्हाईक अख्ख्या वाशीम जिल्ह्यात सापडायचं नाही. हा माणूस बैल घेताना दात मोजतो, भेंडी घेताना एकेका भेंडीचं शेपूट मोडून पाहतो, पण गाण्याची तबकडी मात्र न ऐकता, न वाचता उचलून घरी आणतो. लोक गाणं आवडलं म्हणून तबकडी घेतात; मावसाजी ते माहीत नाही म्हणून घेतात. दुकानदारानं कौतुकानं गायकाचं नाव सांगितलं, की हातातली तबकडी परत जागेवर जाते. "वयखीचं कायले घ्या? वयखीचं तं पानठेल्यावरबी वाजते."

रिसोडला त्यांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. ते आता मुलगा सांभाळतो, त्यामुळे मावसाजींना रान मोकळं. फवारणीच्या पंपाचा वायसर आणायला म्हणून अकोल्याला जातात, तिथल्या जुन्या बाजारात शिरतात आणि संध्याकाळच्या एसटीतून काखेत चार तबकड्या घेऊन उतरतात. वायसर अर्थातच राहून गेलेला असतो. मग नव्या पाहुण्याची सरबराई सुरू होते. मऊ सुती कापडानं पुसणं, सुईवर फुंकर घालणं, खिडकी लावून घेणं. पहिल्यांदा वाजताना घरात कुणी बोलायचं नाही, कुकरनंसुद्धा शिट्टी द्यायची नाही. भाषा कुठलीही असो, मावसाजी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकतात आणि निकाल देतात, "मानूस दुरून आलेला दिसते. थकला हाय, पन मनाचा साफ हाय." एकदा एका तबकडीत कुणीतरी परदेशी गृहस्थ नुसताच ओरडत होता, मागे पियानो. मावसाजी तीन संध्याकाळी माना डोलावत होते. मी पाकिटातला कागद उघडला, तर त्यावर हात वर, हात खाली करणाऱ्या बाईची चित्रं! तो व्यायामाचा धडा होता. मावसाजी जराही खजील झाले नाहीत. "मंग? तालात सांगून राह्यला ना?"

न ऐकता कशी घेता, असं विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "तुह्या मावशीले तरी म्या कुठं पाहून केलं? बाबानं पाह्यलं, म्या लग्नातच पाह्यलं. पस्तावलो का?" यावर स्वयंपाकघरातून आवाज येतो, "मी पस्तावली का, ते कोनी इचारलंच नाई!"

खरं दुखणं तिथंच होतं. मावशीनं एकही तबकडी कधी बसून ऐकली नाही. तिच्यामागं सतत काम. "काय रडून राह्यलं ते तुमचं?" एवढाच तिचा अभिप्राय. मावसाजी हसण्यावारी न्यायचे, पण प्रत्येक नवी तबकडी लावताना त्यांची नजर एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे जायचीच. मला ते पाहून वाईट वाटायचं.

आणि गेल्या हिवाळ्यात चमत्कार झाला. वाशीमच्या एका भंगारवाल्याकडून आणलेली मोठी तबकडी लागली, त्यातून भारदस्त, संथ, दुःखी पुरुषी आवाज आला, आणि मावशी निवडायची तूरडाळ बाजूला सारून चक्क खाटेवर येऊन बसली. मावसाजी यंत्राजवळची आपली खुर्ची सोडून हळूच तिच्याशेजारी टेकले. तेव्हापासून रोज संध्याकाळी तीच तबकडी.

मी संक्रांतीला गेले होते तेव्हा ती हातात घेऊन पाहिली. मोठ्या तबकड्या सहसा हळू फिरवायच्या असतात. ही मात्र वेगानं फिरवायची होती, तसा आकडाच तिच्यावर छापलेला होता; आणि मावसाजींच्या यंत्रावर ती रोज हळूच फिरत होती. मी मावसाजींना दाखवायला गेले, तर त्यांनी घाईघाईनं हात धरला. "हळू बोल! मले दुसऱ्याच दिवशी समजलं. वेगाचा खटका सरकवला, तं आतून उड्या मारत एक पोरगी निंगाली. तेवढ्यात तुही मावशी चहा घेऊन आली, म्या झटकन पह्यल्यासारखं केलं."

"मग पुढचं गाणं ऐकलंच नाही?"

"नाई." अनोळखी गाण्यासाठी अकोल्याच्या वाऱ्या करणारा हा माणूस क्षणभर तबकडीकडे पाहत राहिला. "आयकावंसं लय वाटते. पन ती जनमात पह्यल्यांदा बसली हाय. तिले सांगू नको."

स्वयंपाकघरात मावशीला तिळाचे लाडू वळू लागताना मी सहज म्हटलं, "तुला ती तबकडी फार आवडली म्हणे."

मावशी हसली. "कायची आवडते बाई! मानसाचा आवाज असा वढल्यावानी येते का कधी? चूक वाजते, एवढं मलेबी समजते."

"मग ऐकतेस कशाला?"

"बाकीच्या रिकार्डी झटकन सरतेत, अन् हे दुसरी लावाले उठतेत. ही सरता सरत नाई. तवर माह्याजवळ बसून राह्यतेत." तिनं लाडू ताटात ठेवला. "तू त्यायले सांगू नको बरं."

बाहेरून मावसाजींची हाक आली. मावशी पदराला हात पुसत गेली आणि त्यांच्याशेजारी खाटेवर बसली. तो जड आवाज सुरू झाला. मला त्या दोघांचा इतका लोभ वाटला की डोळे भरून आले; आणि वाईट वाटलं ते त्या कुठल्याशा देशातल्या मुलीचं. बिचारी केवढ्या उत्साहानं गायली असेल.