पत्ता नसलेल्यांसाठी ठेवलेला ठिपका

वाचकांच्या गूढ अनुभवांचं हे सदर आमच्या घरी आई वाचते. मेथी निवडता निवडता, मोठ्यानं. आणि मी समोर बसून प्रत्येक अनुभवात खोट काढते. कुणाला जिन्यात बाई दिसली, की मी विचारते, जिन्यात दिवा होता का? कुणाला हाक ऐकू आली, की शेजारी टीव्ही चालू असेल. आई वैतागून म्हणते, "तुला तर दूधवाल्याचाबी संशय येतो गं बाई." खरं आहे ते. मी कमी बोलते आणि जास्त बघते, आणि माणसांवर पटकन विश्वास ठेवत नाही. त्यामुळं या सदरासाठी मीच लिहायला बसेन असं वाटलं नव्हतं... माझं शिक्षण इंग्लिश मीडियमचं, मराठीत एवढं लांब कधी लिहिलेलं नाही. नावं बदलली आहेत. बाकी काही बदललेलं नाही.

आम्ही छत्रपती संभाजीनगरला, उस्मानपुऱ्यात राहतो. आई, बाबा आणि मी. माझं ऑफिस जालना रोडला, एका बँकेच्या वरच्या मजल्यावर. सहा जणांची छोटी कंपनी, आणि ही माझी पहिलीच नोकरी. काम डेटा वेअरहाऊसचं. सोपं करून सांगते. एखाद्या संस्थेचा वर्षानुवर्षांचा डेटा वेगवेगळ्या फायलींत विखुरलेला असतो. तो गोळा करून असा रचायचा, की काय, कधी आणि कुठं घडलं हे नकाशावर एका नजरेत दिसावं आणि त्यावरून निर्णय घेता यावा.

आम्हाला काम मिळालं होतं एका ट्रस्टचं. त्यांच्या तीन ॲम्ब्युलन्स शहरात चालतात, चौथी येणार होती. ती कुठं उभी ठेवायची, एवढाच प्रश्न. एक जागा शेंद्र्याला — तिकडं कारखाने, गाव, आणि जवळपास एकही गाडी नाही. दुसरी पुंडलिकनगरला — दाट वस्ती, वयस्कर माणसं खूप. ॲम्ब्युलन्स चुकीच्या ठिकाणी उभी राहिली तर काय होतं हे कुणाला सांगायला नको. रिपोर्ट मी करणार होते. प्रत्येक आकडा मी दोनदा तपासायचे.

आता मुख्य गोष्ट. जुन्या नोंदींमध्ये बऱ्याच फोनांना पत्ताच नव्हता. घाबरलेला माणूस बोलतो आणि फोन कट होतो. अशा नोंदी फेकून द्यायच्या नसतात. ठिकाणांच्या यादीत 'अज्ञात' नावाची एक ओळ ठेवायची आणि त्या सगळ्या तिला जोडायच्या, हा या कामातला नियमच आहे. हिशोबात त्या धरत नाहीत, पण नकाशावर त्या ओळीला काहीतरी जागा लागते. मी आधी अक्षांश-रेखांश शून्य-शून्य दिले होते. ते ठिकाण आफ्रिकेजवळ समुद्रात येतं, त्यामुळं नकाशा उघडला की संभाजीनगर ठिपक्याएवढं आणि समुद्रच समुद्र. आमचे टीम लीड मंदार सर म्हणाले, "अगं, ट्रस्टच्या मॅडमना काय जहाज घ्यायचंय का? शहरातच दे कुठलातरी पॉइंट."

म्हणून मी नकाशा मोठा केला आणि एका मोकळ्या जागेवर क्लिक केलं. पुंडलिकनगरमधला एक रिकामा प्लॉट, मधे एक झाड. तिथंच का, हे सांगता येणार नाही. हिरवं दिसलं म्हणून, बस्स. अक्षांश-रेखांश वहीत लिहून ठेवले, वर तारीख टाकली आणि ठिपक्याला करडा रंग दिला. खरी ठिकाणं लाल, अज्ञात करडं.

पुढच्या आठवड्यात ट्रस्टकडून तीन वर्षांच्या फेऱ्यांचा डेटा आला, गाड्यांमधल्या जीपीएस यंत्रांनी नोंदवलेला. तो मी लोड केला, नकाशा उघडला, आणि माझा करडा ठिपका मधोमध लाल झाला होता.

मला वाटलं, माझीच चूक. नोंदी उघडून बघितल्या. सतरा फेऱ्या. तिन्ही गाड्यांच्या, वेगवेगळ्या वर्षांतल्या. पत्ता अज्ञात नाही. गाडी पोचल्याची जीपीएस नोंद आहे, आणि ती जागा माझ्या वहीतल्या आकड्यांशी दशांश चिन्हानंतर सहा अंकांपर्यंत तंतोतंत जुळणारी.

सहा अंक म्हणजे तळहाताएवढी जागा. गाडी एकाच ठिकाणी उभी असली तरी जीपीएसचा आकडा दोन-चार मीटर हलत राहतो. तीन गाड्या, सतरा वेळा, एकाच तळहाताएवढ्या जागेवर? हे यंत्राचं काम नाही. हे कुणीतरी भरलेलं आहे.

माझ्याकडं येण्याआधी डेटाचा पेन ड्राइव्ह दोन दिवस मंदार सरांकडं होता.

मी कुणाला काही बोलले नाही. फक्त बघायला लागले. सर माझ्या खुर्चीमागून जाताना स्क्रीनकडं बघतात का, मी वही ड्रॉवरमध्ये ठेवते तेव्हा त्यांचं लक्ष असतं का. आणि मग एक दिवस त्यांचं कुरिअर चुकून माझ्या टेबलावर आलं. पाकिटावर घरचा पत्ता होता. पुंडलिकनगर... आणि खाली, 'कडुनिंबाच्या प्लॉटसमोर'.

मी घरी जाऊन तो पत्ता नकाशावर लावला. माझ्या ठिपक्याच्या बरोबर समोरचं घर.

मग सगळं जुळलं. सरांचे वडील हार्ट पेशंट आहेत, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. त्या सतरा फेऱ्या धरल्या तर पुंडलिकनगर शेंद्र्याच्या थोडं पुढं जात होतं, काढल्या तर शेंद्रा पुढं. स्वतःच्या दारात ॲम्ब्युलन्स उभी राहावी म्हणून हा माणूस शेंद्र्याच्या लोकांची गाडी पळवतोय, आणि तेही माझ्या रिपोर्टमधून. मला इतका राग आला होता की त्या रात्री जेवणच गेलं नाही. आई म्हणाली, "ऑफिसात कोण काय बोललं का?" मी नाही म्हणाले.

पुरावा हवा होता. मी सरांना न सांगता ट्रस्टच्या कंट्रोल रूमला फोन केला आणि मूळ फायली पुन्हा मागवल्या. त्या घेऊन आले रौफ चाचा. त्यांच्यातले सगळ्यात जुने ड्रायव्हर. बंद पाकीट सरळ माझ्या हातात. मी फायली उघडल्या. त्याच सतरा फेऱ्या, तेच आकडे. आणि फायलींच्या तारखा आमचं काम सुरू होण्याच्या कितीतरी आधीच्या.

चाचा चहा पीत बसले होते. मी धीर करून नकाशा दाखवला आणि विचारलं, इथं कधी गेला होतात का?

"हौ बेटा, नीम के झाड के पास. कित्ते बार गया."

पेशंट कोण होतं?

"कोई नई. एक बार बी नई मिला. गाडी लगाव, दस मिनट ठैरो, वापस." त्यांनी बशीतला चहा संपवला. "फोन आया तो जाना पडता, क्या करते. कंट्रोलवाले बोलते थे, कोई धीरे से बात करता. कबी औरत, कबी आदमी. 'गाडी पाठवा' नई बोलते थे, बेटा. बोलते थे, 'कडुनिंबापाशी गाडी असू द्या.' बस, इत्ताच. फोन कट."

नंबर?

"दिखताच नई था."

मी त्यांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ते हसले. म्हणाले, मेरेकू क्या वाटना, मैं ड्रायवर हूं.

आता माझा संशय लंगडा पडला होता. फेऱ्या खऱ्या होत्या. मग हे फोन तीन वर्षं सरच करत होते? जे काम आम्हाला मिळणार हे कुणालाच माहीत नव्हतं, त्याच्या तयारीसाठी? आणि समजा केलेही. मी नकाशावर कुठं क्लिक करणार हे त्यांना कसं कळणार होतं? मी स्वतःवरही संशय घेऊन पाहिला. हा डेटा आधी कुठं पाहिला असेन आणि विसरले असेन. पण वहीतली तारीख पेन ड्राइव्ह येण्याच्या आधीची आहे. अक्षर माझं आहे.

मग मीटिंग झाली. ट्रस्टच्या मॅडम, मंदार सर आणि मी. सर बोलायला लागले आणि मला धक्काच बसला. ते म्हणाले, "मॅडम, या सतरा फेऱ्या काढून टाकू. खोटे फोन आहेत. त्या काढल्या की शेंद्रा येतं, आणि माझ्या मते तेच बरोबर आहे."

ते स्वतःच्या घरासमोरची गाडी स्वतःच नाकारत होते. माझ्या मनात काय आलं? याला कळलंय, की मला कळलंय... म्हणून हा साळसूदपणा. इतका वाकडा विचार. लाज वाटते, पण आला.

मी मीटिंगमध्ये कधी बोलत नाही. त्या दिवशी बोलले. का, ते नीट सांगता येत नाही. थोडा नियम म्हणून, थोडा रौफ चाचांचा आवाज डोक्यात होता म्हणून. "सर, गाडी खरंच गेली होती. गेलेली फेरी खोटी कशी? वेअरहाऊसमधून आपण घडलेली गोष्ट काढत नाही."

मॅडमनी माझ्याकडं पहिल्यांदाच नीट बघितलं. मग म्हणाल्या, तीन महिने पुंडलिकनगरला ठेवून बघू, नंतर पुन्हा आकडे काढा. जागाही ठरली. वस्तीत मोठी गाडी उभी राहील अशी मोकळी जागा एकच होती. कडुनिंबाखाली.

शेंद्र्याचं काय, हा प्रश्न मला रोज टोचायचा. रोज सकाळी मी आधी तिकडचे फोन तपासायचे. पहिले काही दिवस तिथं मोठं काही घडलं नाही, एवढंच माझं नशीब.

तिसऱ्या आठवड्यात एक दिवस, सकाळी अकराच्या सुमारास, सर माझ्या शेजारी उभे राहून काहीतरी समजावत होते आणि त्यांचा फोन वाजला. पुंडलिकनगरला त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं. त्यांचे वडील अंगणात ड्रम भरताना पाइप ओढायला वाकले आणि तिथंच कोसळले. सरांच्या आईंनी दारातूनच समोर हाक मारली. फोनसुद्धा करावा लागला नाही. गाडी समोर उभी होती, रौफ चाचा सीटवर पेपर वाचत होते.

काका वाचले. डॉक्टर म्हणाले, थोडा जरी उशीर झाला असता तर नाही.

आठवड्यानं सर कामावर आले. माझ्या टेबलापाशी थांबले. मला वाटलं, थँक्यू म्हणतील. त्यांनी हळूच विचारलं, "तुला कसं माहीत होतं?"

मी म्हणाले, मला काहीच माहीत नव्हतं. त्यांनी मान हलवली. पण त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मी ओळखलं. मी महिनाभर त्यांच्याकडं त्याच नजरेनं बघत होते.

इथं संपलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. योगायोग म्हणून गप्प बसले असते.

गेल्या सोमवारी मी तीन महिन्यांच्या रिपोर्टसाठी नकाशा उघडला. पुंडलिकनगरला लाल ठिपका होता, करडा नव्हता. मी नकाशा लहान केला, शोधला. करडा ठिपका उस्मानपुऱ्यात होता. मोठा केला. आमची गल्ली. आमच्या बिल्डिंगचं गेट.

कुणी बदल केला हे सिस्टिममध्ये नोंदलं जातं. मी ती नोंद बघितली. बदल झालेलाच नाही. 'अज्ञात'ची ती ओळ ज्या दिवशी मी तयार केली, तेव्हापासून तशीच आहे, माझ्याच नावावर. सिस्टिमच्या मते तो ठिपका पहिल्या दिवसापासून आमच्या दारात आहे. वही काढली. वहीत अजून पुंडलिकनगरचेच आकडे आहेत, माझ्या अक्षरात.

मागं कुणीतरी उभं असल्याचं जाणवलं. मंदार सर. किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. म्हणाले, "तू इकडंच राहतेस ना?"

मी दुपारी त्यांना गाठून सरळ विचारलं, हे तुम्ही केलंय का? मला घाबरवायला, किंवा माझी परीक्षा घ्यायला? त्यांनी हातातला फोन टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "बाबांची शपथ, नाय." आणि थोडं थांबून, "तू पण नाय ना केलंस?"

पुढच्या आठवड्यात मीटिंग आहे. गाडी उस्मानपुऱ्यात आणा असं मी कोणत्या तोंडानं सांगू? विचारतील, कशावरून. आणि आणली, तर कडुनिंबासमोरच्या काकांचं काय? शेंद्र्याचं काय? मी अजून घरी काही सांगितलेलं नाही. बाबांना हट्टानं तपासणीला नेऊन आणलं, सगळं ठीक आलं. आईचं अजून व्हायचंय. ती म्हणते, मला काय झालंय. पाण्याच्या दिवशी मी आता ऑफिसला उशिरा जाते आणि ड्रम मी भरते. ॲम्ब्युलन्सचा नंबर फ्रीजवर मोठ्या अक्षरात लावलाय. आईनं विचारलं, हे काय नवीन? मी म्हणाले, ऑफिसचं काम आहे.

हे सदर ती वाचणार, हे मला माहीत आहे. आई, हा अंक आला तर आधी मला फोन कर.

आणि मंदार सर, तुमच्याही घरी हे येतं, तुम्हीच एकदा म्हणाला होता. तुम्ही खोटी शपथ घेतली असेल तर मला तेवढं सांगा. मी रागावणार नाही, कुणाला बोलणारही नाही. इतके दिवस मी तुमच्यावर संशय घेतला. आता रोज झोपताना एकच मागते, की तो खरा निघू दे.