पुंडलिकने छापलेली बोट

बोईसरला दर्पणचा खोक्यांचा गाळा आहे. तिथे पुठ्ठ्यांच्या थप्प्यांमागे छपाईचं एक ट्रेडल मशीन उभं आहे. काळं, जाडजूड, पायाने चालवायचं. कारखान्यांची चलनं, गेटपास, किनाऱ्यावरच्या गावांच्या लग्नपत्रिका, एके काळी सगळं त्याच्याच जबड्यातून बाहेर पडायचं. आता त्याच्याकडे बघतो तो एकटा पुंडलिक. दर्पणचा काका, वय एकाहत्तर, उभा जन्म शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेलेला माणूस.

लोकांची लग्नं, लोकांची बारशी, लोकांचे तेरावे त्याने छापले. स्वतःचं म्हणून काही छापलं नाही. नाटकात कसं, एखादा माणूस सगळी वर्षं पडदा ओढतो आणि त्याचं तोंड कुणी पाहत नाही, तशातला प्रकार.

मागच्या वर्षी तो एडवणला वहिनीच्या ओट्यावर बसला होता. साखरबाई बोंबील निवडत दर्यादौलतीच्या गोष्टी सांगत होती. दर्यादौलत ही पुंडलिकच्या थोरल्या भावाची, महादूची बोट. महादू चार वर्षांपूर्वी अंथरुणावर वारला आणि त्याच्यामागे बोटही मोडीत निघाली. ऐकता ऐकता पुंडलिकच्या मनाने घेतलं की याचं पुस्तक करायचं. हाताने खिळे जुळवून, हाताने शिवून, मध्ये बोटीचं चित्र. चाळीस प्रती. दर्पणच्या मुलीचं, हेमांगीचं लग्न मार्गशीर्षात होतं, तेव्हा घरोघर द्यायच्या.

"करा काका," दर्पण म्हणाला, "पण त्या मशीनला हात अडकवू नका. लग्नात मला धावपळ नको."

काम वय बघत नाही. वहिनीच्या बोलण्यात हाय आणि नाय इतके, की दोन पानं जुळवली की 'य' संपायचे. मग ती पानं छापायची, खिळे धुवायचे, पेटीतल्या आपापल्या घरात परत टाकायचे आणि पुढची दोन जुळवायची. दुपारपर्यंत कमरेचा दगड व्हायचा. गाळ्यातला कामगार स्टूल पुढे सरकवायचा, "चाचा, बैठ जाओ, मशीन कहीं नहीं जा रही."

चित्राला महिना लागला. मोडलेल्या बोटीची सागाची एक फळी शिल्लक होती. साखरबाई किनाऱ्यावर जिथे उभी राहायची, त्या बोंबील सुकवायच्या वलांडीपाशी बसून त्याने जुना फोटो समोर धरला आणि फळीवर पेन्सिलीने बोट काढली. मग पटाशीने तासली. उजवा अंगठा सुजला, पट्टी बांधून पुढे चालू. नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकावर, 'दर्यादौलत' ही अक्षरं मात्र त्याने झरझर उलटी कोरली. त्याला विचार करावाच लागला नाही.

चाळीस चित्रं छापून झाली. पुस्तकं शिवायला घेतली आणि पहिली प्रत घेऊन तो एडवणला गेला.

साखरबाईने हात पदराला पुसले. पुस्तक उघडलं. तिला अक्षर येत नाही, म्हणून ती थेट चित्रावर गेली. बघितलं, आणि पुस्तक पालथं घातलं.

"काय झालं, वैनी?"

"ही जाते."

"कोण जाते?"

"बोट. मी वलांडीजवळ उभी राहिली का गाव माझ्या डाव्या हाताला, दर्या उजव्या. ती येताना तोंड डावीकडं असतंय. तुझ्या बोटीचं तोंड उजवीकडं हाय. ही चालली."

पुंडलिकने पुस्तक उचललं. नाळेवर 'दर्यादौलत' अगदी सुलट, सुबक. आणि त्या नावामागची बोट उलटी. खिळे मुळातच उलटे ओतलेले येतात. चित्रांचे ठोकळेही त्याला कायम मुंबईहून तयार मिळाले. अक्षर उलटं करायची हाताला सवय, पण चित्र स्वतः कोरायची ही पहिलीच वेळ. दिसली तशी बोट फळीवर काढली आणि ती कागदावर फिरली. गाळ्यात ज्याने ज्याने पाहिलं त्याने नाव वाचलं आणि मान डोलावली.

"जाताना आमी बघत नाय," साखरबाई म्हणाली. "सासूने पहिल्याच दिवशी सांगितलं. धनी बोटीवर चढला का पाठ फिरवायची, घरात यायचं. एवढ्या वर्षांत मी तिला जाताना एकदा नाय बगितली. आता तू दाखवलीस."

ती रागावली असती तर बरं होतं. ती नुसतीच बोंबील निवडायला लागली.

पुंडलिक बोईसरला परतला. नवी फळी नव्हती. असती तरी अंगठा चालत नव्हता. हातकागदाचे जास्तीचे तीन ताव, बस. दोन दिवस तो मशीनसमोर स्टुलावर नुसता बसला. लग्न आठ दिवसांवर होतं.

तिसऱ्या दिवशी त्याचं लक्ष औषधाच्या खोक्यांच्या कातरणाकडे गेलं. गुळगुळीत, चकचकीत पुठ्ठा, शाई पिणारा नव्हे. त्याने फळीला भरपूर शाई लावली आणि चित्र त्या पुठ्ठ्यावर उठवलं. शाई ओली असतानाच वर भिजवलेला हातकागद ठेवला आणि वाटीच्या बुडाने पाठीमागून घासत राहिला. पहिला ताव फरफटला. दुसऱ्यावर नुसते डाग. तिसरा घासताना त्याने अंगठ्याची पट्टी सोडून टाकली, कारण ती मध्ये येत होती. कागद उचलला तर दोनदा उलटून बोट परत गावाकडे फिरली होती. फिकी, पण फिरली होती.

संध्याकाळी त्याने तो ताव साखरबाईच्या मांडीवर ठेवला. तिने तो उंबऱ्याजवळच्या उजेडात नेला आणि बराच वेळ धरला.

"फिक्की हाय."

"पुठ्ठ्यावरून उतरवली. शाई एवढीच आली."

"पहाटे येताना अशीच दिसायची. आधी फिक्की." तिने नखाने नाळेला स्पर्श केला. "ही येते."

"पण नाव उलटं झालंय, वैनी. कुणाला वाचता येणार नाय."

"मला सुलटं कुटं येतंय?"

"आणि बाकीच्या एकोणचाळीस? त्यात ती चाललेलीच हाय. कागद संपला. माझ्याच्याने आता नाय होत."

"दे त्या. लोकांना नाव वाचता येतंय, त्यांना नाव म्हणजेच बोट. कुणी इचारणार नाय कुटं चालली." तिने ताव त्याच्याकडे दिला. "फक्त माझ्यातलं ते पान काढ. हे लाव."

पुंडलिकने पिशवीतून सुई-दोरा काढला. सुईत दोरा ओवायला चार वेळा चुकला. साखरबाईने सुई घेतली, ओवून दिली आणि चुलीवर भात ठेवायला आत गेली. त्याने शिवण उसवली, जुनं पान काढलं, नवं बसवलं. शेवटची गाठ मारून तो भिंतीला टेकला. दिवे लागले होते. भात होईपर्यंत त्याचा डोळा लागला, पुस्तक मांडीवर उघडंच राहिलं, आणि त्याला उठवायचं साखरबाईच्या जिवावर आलं.